हवेचा हिरवा दिवा आणि माझा डावा डोळा

माझा डावा डोळा लाल झाला तेव्हा घरात तीन निदानं झाली आणि त्यातलं एकही डॉक्टरांचं नव्हतं. मी म्हटलं, जागरण. शेजारच्या अक्का म्हणाल्या, उष्णता, गुलाबपाणी घाला. नवऱ्याने बाल्कनीचं दार लावलं आणि म्हणाला, "धूळ. दुसरं काही नाही."

त्याचं खोटं वाटावं अशी परिस्थितीही नव्हती. बंगळूरच्या के. आर. पुरममध्ये आमच्या इमारतीसमोर पुलाचं काम चालू होतं. डिसेंबरची कोरडी थंडी. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने सही करता यायची. मी करायचे, आणि मुद्दाम पुसायचे नाही.

तीन दिवसांनी मात्र उजेड सहन होईना. फ्रिज उघडला की आतला एवढासा दिवा डोळ्यात सुई घातल्यासारखा टोचायचा. मी एका हाताने डोळा झाकून, मान वळवून, दुसऱ्या हाताने कोथिंबीर चाचपायचे.

"अगं, नाटक पुरे," नवरा म्हणाला.

"अहो, मी नाटक करते तेव्हा मला काही होत नसतं. आत्ता मी नाटक करत नाहीये."

मग आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होती. तिने मला आंटी न म्हणता अक्का म्हटलं, तेव्हाच मी तिच्यावर विश्वास टाकला. यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली, "स्वल्प वर बघा अक्का" म्हणत बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, की धूळ डोळ्यावर बसते, हे डोळ्याच्या आत आहे. बुबुळाच्या पडद्याला सूज आली आहे. शरीराची राखणदार फौज कधीकधी स्वतःच्याच घरात दंगा करते, त्यातलाच हा प्रकार. सूज वाढली तर तो पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, आणि वेळेत सुटला नाही तर नजर जाऊ शकते.

"पण कारण ही हवाच ना?" नवऱ्याने विचारलं.

"असू शकतं, सर. थंडी, कोरडी हवा, धूर यांच्याबरोबर काहींची सूज उसळते, काहींची नाही. धुराने डोळे चुरचुरतात हे नक्की. आतली सूज हवेमुळेच आली असं मी लिहून देणार नाही. थेंब लिहून देते."

स्टेरॉइडचे थेंब. सुरुवातीला दर तासाला, मग हळूहळू कमी करत काही आठवडे. मनाने बंद करायचे नाहीत, हे तिने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ती माझ्याकडे बघत होती.

माझा नवरा सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं त्याचं मत आहे. त्याने हवेतली धूळ मोजणारं एक छोटं यंत्र आणलं. हवा वाईट असली की लाल दिवा, चांगली असली की हिरवा. फ्रिजवर आलेख चिकटला. तापमान, दमटपणा, धूळ, आणि माझ्या डोळ्याची लाली, दहापैकी. रोज सकाळी तो चष्मा लावून मला तपासायचा.

"आज पाच."

"चार द्या. रात्री छान झोपले मी."

"झोपेचे गुण वेगळे. पाच."

थेंबांनी आठ-दहा दिवसांत लाली उतरली. त्याच सुमारास चेन्नईकडे वादळ आलं, आणि तिकडे वादळ आलं की आमच्याकडे चार दिवस रिपरिप ठरलेली. धूळ खाली बसली. यंत्राचा दिवा हिरवा. लाली शून्य.

"दोन्ही रेषा एकदमच खाली आल्या," नवरा आलेखासमोर हात मागे बांधून म्हणाला.

"मग आता थेंब?"

"हवा अशीच राहिली तर गरज वाटत नाही."

एवढंच म्हणाला तो. पण घशात उतरणाऱ्या त्या कडू चवीला मी इतकी कंटाळले होते, की मी त्याचा हुकूम करून टाकला आणि बाटली कपाटात ठेवली. दोष वाटायचा झाला तर अर्धा-अर्धा. खरं म्हणजे माझा थोडा जास्त.

पाचव्या दिवशी सकाळी दिवा हिरवाच होता. मी उठले तर खोलीभर दुधी काच लावल्यासारखं दिसत होतं. उजवा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कॅलेंडर होतं, तारखा नव्हत्या. मी दुपारपर्यंत कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाक केला, दोनदा तारखा शोधून आले. मग सांगितलं.

"थेंब कधी बंद केले?" डॉक्टरने विचारलं. आम्ही दोघांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं. नवऱ्याने उत्तराऐवजी आलेख पुढे केला. तिने तो पूर्ण वाचला, हे मला आवडलं.

"छान काढलाय, सर. यात थेंबांचा रकाना कुठे आहे?"

तीस वर्षं उपकरणांवर काढलेल्या माणसाने आलेख परत घेतला आणि पेनने कडेला एक रेघ ओढली.

"हवेच्या नोंदी ठेवा, उपयोग होईल. पण हवा सुधारली आणि थेंब चालू होते, हे दोन्ही एकाच आठवड्यात झालं. तुम्ही श्रेय हवेला देऊन टाकलं."

पडदा तीन ठिकाणी चिकटला होता. बाहुली मोठी करणारे कडक थेंब मिळाले. "दोन दिवसांत सुटला तर बरं," ती म्हणाली. न सुटला तर काय, ते मी विचारलं नाही. ती आधीच सांगून चुकली होती.

ते दोन दिवस पडदे ओढलेल्या खोलीत गेले. नवरा दर तासाला गजर लावून यायचा, बाटली हलवायचा, "वर बघ" म्हणायचा. एकदा मी विचारलं, "नाही सुटला तर?"

"मग पुढचं पुढे बघू."

"कुठल्या डोळ्याने?"

तो हसला नाही. मग खूप वेळाने, दारापाशी जाऊन, हसला.

तिसऱ्या दिवशी दोन जागा सुटल्या होत्या. तिसरी नाही. तक्त्यावर मी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. "तो एक कोपरा आता तसाच राहील," डॉक्टर म्हणाली, "नजरेला त्रास नाही." तेव्हापासून माझी डावी बाहुली गोल नाही, एका बाजूला ओढलेली आहे. पाहुण्यांना मी ती टॉर्च लावून दाखवते. चहा देण्याआधी.

जानेवारीत हवेचा दिवा आठवडाभर लाल राहिला आणि डोळा पांढराशुभ्र. फेब्रुवारीत एकदा दोन्ही लाल झाले. काय आणि का, ते आम्ही डॉक्टरला विचारतो, फ्रिजला नाही.

भाचीच्या लग्नाच्या साड्यांसाठी चिकपेटला जाऊ का, असं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाली, "जा. गॉगल लावा. दुपारचा थेंब चुकवू नका." त्या गल्लीत हातगाड्या, रिक्षा आणि धूर. दुकानात गादीवर बसून मी मान मागे टाकली, नवऱ्याने थेंब घातला. साडी उलगडणारा माणूस हात तसाच धरून थांबला.

"काय झालं, अक्का?"

"एक मिनिट, अण्णा. नीट दिसू दे."

मिनिटभराने थेंबाचं धुकं गेलं. समोर दोन निळ्या साड्या होत्या. मी उजवा डोळा झाकला आणि सांगितलं, डावीकडची जरा मोरपंखीकडे झुकते. "सरी," तो म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि तिसरी निळी काढली.