वेळेआधी वाजलेली घंटा

तेरा वर्षांची असताना मावशीच्या लग्नात मी तिसऱ्याच मंगलाष्टकाला "वाजवा रे वाजवा" असं ओरडले होते. बँडवाल्यांनी वाजवलं, अंतरपाट सुटला, मुहूर्ताला चार मिनिटं असताना हार घालून झाले आणि भटजी उरलेली मंगलाष्टकं तोंडात धरून उभे. हा किस्सा मी आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत प्रत्येक हळदीकुंकवाला भटजींच्या चेहऱ्यासकट करून दाखवते. माझी मुलगी तो ऐकतच वाढली.

गेल्या महिन्यात, नववीत, तिने शाळा सुटायची घंटा चाळीस मिनिटं आधी दिली. "शिपाईकाका नव्हते आणि घंटेचा हातोडा समोर होता," एवढंच तिचं म्हणणं. अर्धी शाळा गेटबाहेर. तिचा हा वर्षातला तिसरा पराक्रम. शाळेने कळवलं, येऊन माफी मागा, नाहीतर दाखला घेऊन जा.

त्याच सुमारास बेलापूरला उतावळेपणावरच्या एका संशोधनासाठी या वयाची मुलं हवी होती. मी तिला नेलं. कारण सापडलं तर शाळेला दाखवता येईल, असा माझा हिशेब. जनुकं तपासायला नळीत लाळ घेतली, मग यंत्रात झोपवून मेंदूचे फोटो. आत पडद्यावर हिरवा बाण आला की बटण दाबायचं, लाल झाला की हात आवरायचा.

"लालवर किती वेळा दाबलंस?"

"आवरायचंय हे कळेपर्यंत दाबून झालेलं असायचं, आई."

तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं? मी लग्न उभं केलं, बँडसकट. त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, जनुकांमध्ये माणसागणिक बारीक फरक असतात. काही फरकांमुळे हात आवरताना मेंदू थोडा वेगळा चालतो. पण ते खूप मुलांचं एकत्र पाहिलं तरच दिसतं. एकट्या तुमच्या मुलीबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही."

"शाळेला एक चिठ्ठी तरी?"

"नाही हो देता येणार."

मग दोन दिवस आरशासमोर तालीम. ती 'सॉरी मॅडम' म्हणणार, मी गप्प बसणार.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, "का वाजवलीस घंटा?" मुलीने मान खाली घातली, श्वास घेतला, योग्य शब्दासाठी थांबली. त्या थांबण्यात मी बोलले. "मॅडम, खरं सांगा, स्टाफरूममध्येसुद्धा आनंदच झाला असेल ना?"

मुख्याध्यापिकांनी फाइल बंद केली. "सोमवारी दाखला तयार असेल."

परतताना रिक्षात ती म्हणाली,

"मी थांबले होते, आई."

"दिसलं मला."

"त्यांनी तुझी लाळ घ्यायला हवी होती."

मी हसले. ती हसली नाही.