चकमधली किल्ली

माझ्या जुन्या कॉलेजला मी भेट दिलेल्या लेथच्या उद्घाटनासाठी वर्कशॉपमध्ये शिरले आणि कूलंटचा तोच आंबूस वास नाकात गेला.

तेव्हा मी मुरगूडहून आलेली, बॅचमधली एकटीच मुलगी. खाकी ॲप्रन, वेणी टोपीत कोंबलेली. लेथच्या चकमध्ये, म्हणजे त्या फिरत्या पकडीत, लोखंडाचा तुकडा आवळला आणि आवळायची किल्ली तिथंच विसरून बटणाकडे हात नेला. वर्कशॉप शिकवणाऱ्या, सगळे ज्यांना मामा म्हणायचे त्यांनी तो हिसकाच देऊन मागं ओढला.

"ए पोरी, किल्ली कुटं हाय? उडून डोकं फुटलं असतं की कुणाचं तरी!"

पोरं फिदीफिदी हसली. मुलगी म्हणूनच डाफरले, असं समजून मी महिनाभर मामांशी बोलले नाही.

आज कागलच्या एमआयडीसीत माझा स्वतःचा कारखाना आहे. मामा मात्र राहिले नाहीत.

नारळ फुटला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दाबा बटण." मी बोट पुढं केलं आणि थबकले. चकमध्ये किल्ली तशीच होती, वर झेंडूचा हार.

"किल्ली कुटं हाय?" मी केवढ्यांदा तरी ओरडले. आवाज माझा नव्हताच.

लेथ सजवणाऱ्या मुलीनं धावत येऊन किल्ली काढली. मागं पोरं हसली. तिनं माझ्याकडं असं काही बघितलं, की मला माझाच तो महिना आठवला.

म्हटलं, धर बाई राग. डोकी तर शाबूत राहिली.