हळदपेठेतला रॉकचा पारखी

सांगलीत हळद कळणारी माणसं पोत्यानं सापडतील, पण या देशातला कुठला रॉक बँड पक्का आणि कुठल्याचा नुसताच गाजावाजा, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. हो, फुशारकीनंच सांगते आहे. का सांगू नये? बाकीच्यांचे दाजी पत्त्यांत नाहीतर राजकारणात मुरलेले असतात. माझे दाजी म्हणजे पंचावन्न वय, पिळदार मिशा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशातल्या मोबाइलमध्ये चारशे अल्बम. तेही सिनेमाचे नव्हेत. कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत चार पोरांनी स्वतः लिहून, स्वतः चाली लावून, पदरमोड करून काढलेले. मोठ्या कंपनीनं नटवून उभा केलेला बँड दाजी हिशेबातच धरत नाहीत. "त्यो बँड न्हवं, वरात हाय," म्हणतात.

हे खूळ फौजेतलं. जवान म्हणून शिलाँगला असताना एका रविवारी पावसाला आडोसा म्हणून ते एका हॉलमध्ये शिरले. आत चार पोरं गिटार आणि ड्रम घेऊन जीव तोडून गात होती. इंग्रजी दाजींना 'येस सर'च्या पुढं येत नव्हतं. "पर गड्या, माझ्या पोटात जे व्हतं त्येच ती बोंबलून सांगत व्हती," असं ते अजून सांगतात. फौजेतून रिटायर होताना लोक रमच्या बाटल्या आणतात, दाजींनी कॅसेटींनी भरलेली ट्रंक आणली. अक्कानं ती उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. अक्काचं म्हणणं असं, की आमच्यात गाणं लागलं की शेजाऱ्यांना भांडण वाटतं आणि भांडण झालं की गाणं वाटतं, त्यामुळं घरची अब्रू झाकलेली राहिली.

पुढं दाजी मार्केट यार्डात एका अडतीवर हळद पारखायला लागले आणि त्यांच्या कानाला धारच आली. पक्कं वाळलेलं हळकुंड मोडलं की खणखणीत वाजतं, ओलं असलं की मुकाट्यानं वाकतं. दिवसभर हळकुंडं मोडून ऐकणाऱ्या माणसाला ढिला ड्रम काय फसवणार? बंगळुरूच्या एका नावाजलेल्या बँडचा अल्बम त्यांनी दीड गाण्यात बंद केला. "ओला माल हाय. अजून आठ दिस उन्हात पायजे व्हता." अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीनंच ऐकायचा, हा त्यांचा घरातला कायदा. मी एकदा मधलंच गाणं लावलं, तर म्हणाले, "मेव्हणीबाई, पंगतीत बसल्या बसल्या मठ्ठा मागता व्हय?" बँडच्या आयुष्याचाही त्यांनी उसावरून ठोकताळा बांधलाय. पहिला अल्बम म्हणजे लावण. दुसरा म्हणजे खोडवा, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातूनच फुटलेला. निगा राखली तर झकास, नाहीतर नुसता पाचोळा. आणि तिसऱ्याच्या आधी रान नांगरून टाकावं, नाहीतर तीच ती चोथ्यासारखी गाणी येतात. मी इकडंतिकडं बरीच परीक्षणं वाचली, पण याच्यापेक्षा शहाणं काही मला आढळलं नाही.

कार्यक्रमाला दाजी तासभर आधी पोचतात आणि आवाजाच्या मशीनशेजारी सावधानमध्ये उभे राहतात. मान हलवत नाहीत, पाय आपटत नाहीत. पुण्यात एकदा या मिशा बघून स्टेजवरच्या पोरांना वाटलं, साध्या वेशातला पोलिस आला. त्यांनी गाणंच थांबवलं. दाजी म्हणाले, "थांबलासा का रं? बेस मागं पडतुया तेवढा सांभाळा आन् चालू द्या." आणि खरंच मागं पडत होता हो! कार्यक्रम संपल्यावर त्या बेस गिटारवाल्यानं येऊन त्यांच्या पायाला हात लावला. मी तिथंच होते. ओळख ना पाळख अशा चौघांना तरी मी सांगितलं असेल, हे माझे दाजी म्हणून.

पण या कौतुकाला एक काटाही होता. दाजी तोंडदेखलं बोलत नाहीत. यार्डात नमुना पुढं आला की शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी ते आधी पालथी घालतात. "मालाकडं बघायचं, मालकाकडं न्हाई," म्हणतात. अशीच एकदा पालथी चिठ्ठी घालून त्यांनी एका पोत्याला ओलं म्हटलं आणि ते निघालं सख्ख्या भावाचं. भाऊ कडेगावहून यायचा बंद झाला, दिवाळीलासुद्धा. दाजींनी शब्द मागं घेतला नाही.

म्हणून माझी भाची, दाजींची एकुलती एक लेक, बापापासून चोरून गाणी करत होती. पुण्यात नोकरी करते, तिथंच तिघांना जमवून तिनं मराठी गाण्यांचा बँड काढला. पाच गाणी तयार झाली, साताऱ्यात माझ्या घराजवळच्या एका कॅफेच्या गच्चीवर पहिला कार्यक्रम ठरला, आणि बाईसाहेबांचं अवसान गळालं. माझ्याकडं येऊन रडायला लागली. "मावशी, पप्पा चांगलं म्हणाले तर बाप म्हणून म्हणाले असं वाटंल, आणि ओलं म्हणाले तर मी परत गाणार नाही. खरंच नाही." मी म्हटलं, अगं रडतेस काय, आपणही चिठ्ठी पालथी घालू. गाणी घेऊन मी सांगलीला गेले आणि दाजींना ठोकून दिलं, "आमच्या हापिसातल्या एकीच्या भाचीचा बँड आहे. जरा ऐका."

दाजींनी डोळे मिटून पाचही गाणी ओळीनं ऐकली. अक्का दारात लसूण सोलायची थांबलेली.

"ड्रम पक्का हाय," ते म्हणाले. "शब्द तर लयच ग्वाड. पोरीचा गळा बी हाय. पर ती कुणाला तरी भिऊन गातीया. सूर वर न्यायच्या आदी मागं वळून बघतीया." मग त्यांनी डोळे उघडले. "तिला म्हणावं, ज्याला भितीस त्येला म्होरं उभा करू नगंस."

बोलले आणि उठून अंगणात गेले. मी मागोमाग गेले, तर नळाखाली तोंड धूत होते. "स्वताच्या लेकीचा आवाज कळंना व्हय मला?" ते पाठमोरेच म्हणाले. "पयल्या वळीतच कळला. तुमी झाकलासा, म्हणून मी बी झाकून ठिवला."

मी भाचीला निरोप दिला, पण ओळखल्याचं सांगितलं नाही. तिला वाटलं, पप्पांना पत्ताच नाही. पण माल ओला नाही एवढं कळल्यावर धीर करून तिनंच फोन केला, कार्यक्रमाचं सांगितलं आणि या म्हणाली. रविवारी संध्याकाळी पाचला अक्का आणि दाजी साताऱ्यात हजर. दाजींचा शर्ट असा कडक की त्यावर पापड वाळत घालावेत. अक्का जिना चढून गेली. दाजी पहिल्या पायरीशीच थांबले.

"दाजी, चला की वर."

"न्हाई. मी दिसलो की ती माझ्यासाठी गाणार. आज तिला तिच्यासाठी गाऊ द्या."

मी रागावले, हात धरून ओढलं, तुमच्या हट्टाला औषध नाही म्हटलं. फौजी माणूस, हलतो कसला? शेवटी मी वर गेले. भाचीनं गर्दीत नजर फिरवली, बाप दिसला नाही, आणि क्षणभर तिचा चेहरा पडला. मग गिटारवर हात पडला आणि पोरगी अशी गायली, अशी गायली, की काय सांगू! सूर वर नेताना तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. गच्चीवर पन्नास-साठ लोक होते, सगळे उभे राहिले. अक्का पदरात तोंड घालून रडत होती. मला तर ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही आमची आहे.

शेवटचं गाणं संपलं तशी भाची जिन्याकडं धावली, मी तिच्यामागं. दाजी खाली पहिल्या पायरीशी सावधानमध्ये उभे होते.

"पप्पा, वर का नाही आलात? कसं झालं?"

दाजींनी घसा खाकरला. "खालनं काय ऐकू येतंय? रस्त्यावर गाड्याच लय." उभ्या जन्मात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच. जिन्यात शब्द न् शब्द ऐकू येत होता.

भाची त्यांच्याकडं बघत राहिली, मग हसली आणि घामाघूम कपाळ तिनं त्या इस्त्रीच्या शर्टावर टेकलं. "जा, लोकं थांबल्यात," ते म्हणाले, आणि ती दोन दोन पायऱ्या चढत वर पळाली. वर पुन्हा टाळ्या झाल्या. दाजींनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, परत नीट घातली आणि तसाच खिशात ठेवला.

"लय चांगली गायली वो," ते मला हळूच म्हणाले. "तिला सांगू नगासा, मेव्हणीबाई. नायतर पुढच्या येळी मला शोधंल."

मी अजून सांगितलेलं नाही.