कोपरानं दाबलेलं बटण

सौंसरला सुखदेव वायरमनचं नाव काढलं की लोक आधी हसत. कारण हा माणूस बिघडलेल्या वस्तूला लगेच हातच लावायचा नाही. आधी आणणाऱ्याला म्हणायचा, "तू घरी कसं लावते, तसं लावून दाखव." लोधीखेड्याच्या एका गुरुजींचा रेडिओ मधूनच बंद पडे. सुखदेवनं त्यांनाच बाकावर बसवून तो लावायला सांगितलं. गुरुजी जाम चिडले. मग दिसलं, की ते रेडिओ मांडीवर आडवा घेत आणि आतला सैल सेल सरकून जाई. चांदीच्या कागदाची एक घडी घातली, काम झालं. गुरुजी मात्र गावभर सांगत सुटले, की याला काही येत नाही, हा गिऱ्हाइकाकडूनच शिकतो.

मीही हसणाऱ्यांतलाच होतो. स्वभाव तापट, त्यामुळे त्याचा संथपणा मला सोसत नसे. आज त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे आणि त्या हसण्याची लाज वाटते.

साल चौऱ्याऐंशी. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये मी इंजिनवाला होतो. कापसातून सरकी काढणारी यंत्रं हॉलात, इंजिन भिंतीपलीकडे माझ्या खोलीत. त्या धडधडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून हॉलातल्या खांबावर एक बटण आणि माझ्या डोक्यावर सेलवर चालणारी घंटी. त्याच वर्षी बसवलेली. घंटी वाजली की पट्टा उतरवून यंत्रं थांबवायची, एवढाच माझ्यासाठी नियम.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी वच्छला नावाच्या मजूर बाईची बोटं यंत्राच्या रुळात गेली. शेजारच्या चंद्रकलेनं तिला धरलं आणि बटण दाबलं. घंटी वाजली नाही. कोणीतरी पळत माझ्या खोलीत येऊन ओरडेपर्यंत वच्छलाची दोन बोटं गेली होती.

मुकादम यशवंतरावांनी सगळ्यांदेखत बटणावर अंगठा ठेवला. घंटी खणखणीत वाजली. रोज जेवणाच्या सुट्टीला ते तसंच वाजवत. "घंटी तर वाजून राहिली," ते म्हणाले, "हा मुकुंदाच झोपला असन." मालक म्हणाले, शनिवारपासून येऊ नको.

मी आकाशपाताळ एक केलं, भांडलो, पण आतून पोखरला गेलो होतो. खरं सांगायचं तर त्या दुपारी जेवण जड झालं होतं, डोळे पेंगत होते. झोपलोच असेन तर? बायको म्हणे, तुम्ही झोपणं शक्यच नाही. शेजारीही म्हणत. त्यांच्या म्हणण्यानं मला तसूभर धीर येत नव्हता. वच्छलाच्या घरावरून जायचं मी टाळू लागलो. शेवटी सौंसरची बस धरली आणि सुखदेवला गाठलं.

तो शुक्रवारी सकाळी, इंजिन सुरू व्हायच्या आधी आला. मालकांनी "पाहू दे" म्हणून हात हलवला. मला वाटलं, आता शिडी लावून घंटी उघडेल. तो गेला चंद्रकलेपाशी.

"बाई, त्या दिवशी तू काय केलं, तेच करून दाखव."

"बटन दाबली, अजून काय?"

"कशानं दाबली?"

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. "माह्या दोन्ही हातात तिचा हात होता. कोपरानं दाबली."

तिनं कोपर टेकवलं. घंटी गप्प. पुन्हा टेकवलं, पुन्हा गप्प. यशवंतराव तरातरा पुढे आले, अंगठा रोवला, घंटी वाजली.

"तुमच्या अंगठ्यानं वाजते, मुकादम," सुखदेव म्हणाला, "पण त्या दिवशी तुमचा अंगठा नव्हता."

मग त्यानं बटणाचं झाकण काढलं. आत पितळी पट्टीवर शेंदराचा वाळका, तेलकट थर होता. हॉलातले सगळे मालकांकडे पाहू लागले. दसऱ्याला जिनिंगमधल्या प्रत्येक यंत्राला मालक स्वतः तेल-शेंदूर लावत. यंदा नव्या बटणालाही मोठ्या भक्तीनं लावला होता. ते सगळ्यांनी पाहिलेलं.

सुखदेव बौद्ध. पूजेबद्दल त्यानं तोंड उघडलं, की "तुम्हा लोकांना देवधर्म काय कळते" हे ऐकायला मिळणार, हे त्यालाही ठाऊक होतं. पट्टी वाकली होती म्हणाला असता, तरी माझं काम भागलं असतं.

तो मालकांकडे वळला. "बिघाड हा हाये, शेठजी. तेल-शेंदूर आत उतरून वाळला. हलकं दाबलं तर पितळेले पितळ लागत नाही."

"म्हणजे माह्या हातानं झालं?"

"हो जी."

मालकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी झाकण परत लावायला सांगितलं आणि स्वतःचं कोपर बटणावर टेकवलं. घंटी वाजली नाही. मग यशवंतरावांना म्हणाले, "मुकुंदाले कामावर राहू द्या," आणि चप्पल घालून वच्छलाच्या घराकडे निघाले.

सुखदेवला पोचवायला मी बस स्टँडवर गेलो. पाया पडू लागलो तर तो मागे सरला.

"सुखदेवभाऊ, तुम्ही मले वाचवलं."

"मी तुले वाचवाले नाही आलतो गा. घंटी पाहाले आलतो. घंटी चांगली निघाली असती, तर तू झोपला होता, असंच सांगितलं असतं मी."

मला झणकन राग आला. उपकार करायचे आणि वर असं बोलायचं! तो सौंसरवरून रामाकोन्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चढला, खिडकीतून हात दाखवला आणि गेला. मी तिथंच उभा राहिलो. राग हळूहळू उतरला आणि ध्यानात आलं, की आता मला शंका उरलेली नाही. घरच्यांच्या शंभर शपथांनी जे झालं नाही, ते त्याच्या त्या एका कडू वाक्यानं झालं होतं. मी झोपलो नव्हतो.

मी डोळे पुसले आणि स्टँडवरून सरळ वच्छलाच्या घरी गेलो.