निखळलेलं बोट

माझे वडील इंग्रजांच्या काळातले डॉक्टर. तरुणपणी ते हौसेने विकेटकीपिंगही करायचे. शहाण्णव साली आई गेली, तेव्हा ऐंशी उलटलेल्या वडिलांना मी दुबईत, देऱ्याला घेऊन आलो. शुक्रवारी बिल्डिंगसमोरच्या रेतीत कोकणातले कामगार क्रिकेट खेळत आणि वडील ते बघत बसत.

एकदा झेल घेताना एका कामगाराचं बोट निखळलं. "थांब, मी बसवतो," म्हणत वडील पुढे झाले. पण त्यांचे हात थरथरत होते. दोनदा ओढूनही बोट बसेना. तो कळवळला, तसं वडिलांनी सोडून दिलं.

"याला दवाखान्यात ने," ते मला हळूच म्हणाले. "मला नाही जमत आता."

पुढच्या शुक्रवारी तो स्वतः त्यांना बोलवायला वर आला.

"ऊन सोसत नाही रे," म्हणून वडील आत गेले. पुन्हा कधी खेळ बघायला उतरले नाहीत.