समजलं का, असं विचारू नका

आमच्या एस्तेर बाई आज पहाटे गेल्या.

कुणी नुसतं "हो" म्हटलं, की त्यावर त्यांचा कधी विश्वास बसायचा नाही. का, ते सांगते.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. नगरच्या एका दवाखान्याच्या नर्सिंग स्कूलमध्ये मी नुकतीच दाखल झाले होते. काष्टीच्या शेतकऱ्याची पोर, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म. वडील म्हणायचे, लोकांची घाण काढायला शाळा कशाला लागते?

एस्तेर बाई आमच्या ट्यूटर. आवाज बारीक, पण वर्ग चिडीचूप.

मुलांच्या वॉर्डात जामखेडकडची एक आई होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची. पोराला न्यूमोनिया. पोर सुधारलं.

डिस्चार्जच्या दिवशी बाईंनी स्वतः तिला औषध समजावलं. दिवसातून किती वेळा, किती चमचे, बाटली पूर्ण संपवायची. समजलं का?

"व्हय," ती म्हणाली.

आठवड्याने ती परत आली. पोर खांद्यावर होतं. वाटेत एसटीतच गेलं होतं.

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात चमचाच नव्हता. तिने तेलाच्या पळीने औषध पाजलं, आठवड्याची बाटली दोन दिवसांत संपली.

"मग लगेच का नाही आलीस गं?"

"बाटली संपली की पोर बरं व्हतंय, आसं तुमीच म्हनला हुता."

ती भांडत नव्हती हो. नुसतं सांगत होती. ते जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि टेबलावर एक पळी ठेवली.

म्हणाल्या, "चूक तिची नाही, माझी आहे. पांढऱ्या कपड्यांपुढे माणूस व्हय म्हणतो, कारण त्याला तिथून सुटायचं असतं. समजलं का, असं यापुढे कुणाला विचारू नका. करून दाखवायला सांगा."

मग बाईंनी त्याचा अभ्यासच मांडला.

दवाखान्याच्या मागे नातेवाईक तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजायचे. आम्हाला तिथे पिटाळायच्या. विचारून या, तुमच्या पेशंटला काय झालंय म्हणून. बहुतेक जण म्हणायचे, डाक्टरला ठावं.

मग एसटीने पेशंटच्या गावी. इतर वॉर्डांतून नुसतं सांगून सोडलेले आणि आमच्या वॉर्डातून स्वतः करून दाखवून गेलेले, दोघांच्याही घरी. फरक आंधळ्यालाही दिसला असता.

मोठे डॉक्टर हसले. यात कसलं आलंय संशोधन, म्हणाले. पण पुढे औषधाच्या बाटल्यांवर चिकटपट्टीच्या खुणा सगळ्याच वॉर्डांत दिसायला लागल्या. एका खुणेपासून दुसरीपर्यंत एक डोस. चमचा असो नसो.

त्या शिकवणीवर माझी अख्खी नोकरी निघाली.

आता कालचं.

बाई आयसीयूत होत्या. लग्न केलं नव्हतं. भाची परदेशात, तिने फोनवर सगळं माझ्यावर सोपवलेलं. संध्याकाळी एक तरुण डॉक्टर बाहेर आला. वाईट नव्हता, घाईत होता. उभ्याउभ्या घडाघडा बोलला.

शब्द सगळे माझ्या ओळखीचे. पण काचेतून बाईंचा हात दिसत होता, आणि डोक्यात काही म्हणजे काही शिरत नव्हतं.

"समजलं ना, आजी?"

"हो," मी म्हणाले.

सही केली. मला आत जायचं होतं.

पहाटे बाईंचा श्वास अडकला. मी ओरडले, व्हेंटिलेटर आणा, बघताय काय!

नर्स पोरगी जवळ आली. माझा दंड धरून हळूच म्हणाली, "आजी, लावायचा नाही असं ठरलंय. तुम्हीच काल हो म्हणालात ना?"

बाई नव्वदीला टेकल्या होत्या. कदाचित त्यांनाही हेच हवं असेल. डॉक्टरांचंही काही चुकलं नसेल.

पण मला ते समजून म्हणायचं होतं.

सांगा बरं आजी, मी आत्ता काय बोललो? एवढं एकच कुणी विचारायला हवं होतं.

दुपारी मातीला जायचंय.

बाई, मला काही समजलं नव्हतं. तिथून सुटायचं होतं, तुमच्याजवळ यायचं होतं, म्हणून हो म्हणाले.

तुम्ही लगेच ओळखलं असतंत.

तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.