बदकाच्या मानेवर बूट

बिनचूकराव हे नाव गल्लीने त्यांना चिडवायला ठेवलं होतं. त्यांना तो किताब वाटे. दुकानाची वाकडी पाटी, शेजारणीच्या पायरीचा उतार, बायकोच्या भाजीतलं मीठ, त्यांच्या तावडीतून काहीच सुटत नसे. जग घडवताना देवाने आपल्याला एकदा विचारायला हवं होतं, एवढीच काय ती त्यांची देवाविषयी तक्रार.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना एक छंद जडला. नवाकोरा, वाऱ्यासारखा धावणारा लॅपटॉप घ्यायचा आणि त्यात असा प्रोग्रॅम लिहायचा, की त्याने जुन्या काळच्या आठ बिटांच्या ठोंब्या प्रोसेसरचं हुबेहूब सोंग घ्यावं. "घोडा घ्यायचा आणि त्याला गोगलगायीची चाल शिकवायची," बायको म्हणे.

पण आक्काचं मशीन बंद पडलं आणि छंदाला एकदम भाव आला. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिच्या कारखान्यातलं भरतकामाचं मशीन असल्याच एका प्रोसेसरवर चाले. तो जळला. तसला आता कुठे मिळेना, आणि आक्काने जन्मभर जमवलेली नक्षी त्या मशीनच्या जुन्या प्रोग्रॅममध्येच अडकलेली.

"हे उठलं नाही तर कुलूप लावते बघ कारखान्याला."

"अगं, तुझा भाऊ काय मेलाय का?"

"नाही ना, त्याचीच तर काळजी," आक्का म्हणाली.

बिनचूकराव कामाला लागले. प्रोसेसरचं माहितीपुस्तक चाळताना त्यांना त्या प्रोसेसरच्या घडणीतच एक चूक सापडली, आणि नातवंड झाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. मेमरीची पानं वाचता वाचता हा प्रोसेसर कधी कधी पानाच्या अगदी टोकाला आला, की पुढच्या पानावर जायचं सोडून त्याच पानाच्या सुरुवातीला परत जायचा. "गाढव लेकाचा!" म्हणत त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये त्याला सरळ पुढच्या पानावर धाडलं.

जळलेल्या प्रोसेसरच्या जागी लॅपटॉप मशीनला जोडला. सुई धावू लागली. पाय, पोट, पंख, मान. बदक कसं देखणं उमटलं! आणि डोक्याच्या जागी आला लेस बांधलेला बूट.

आक्काने कापड उजेडात धरलं. "डोकं कुठंय रे?"

"तुझी नक्षीच मुळात चुकलेली असणार."

"अर्ध्या गावाची पोरं या बदकाच्या दुपट्यात वाढली. तोवर डोकं होतं. तुझा हात लागला आणि गेलं!"

बिनचूकरावांनी तारा तपासल्या, सुई तपासली, आक्काचा चष्मासुद्धा तपासला. स्वतःची दुरुस्ती तेवढी तपासली नाही. शेवटी आक्काने भंगारवाल्याला निरोप धाडला आणि भावजयीपाशी मन मोकळं करायला आली.

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला म्हणून बिनचूकराव दाराशी गेले. आत बायको कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून उभी होती. "खं... खं... मीठ घालताना माणसाने विचार करावा!" आक्का डोळे पुसत होती.

"मी असा खाकरतो?"

बायको दचकली, पण मागे हटली नाही. "अहो, मी खाकरले नाही तर ते तुम्ही कसे व्हाल? नक्कल करायची तर खोडीसकट करावी लागते. नुसते गुण घेतले तर भलताच कुणी सज्जन माणूस उभा राहील."

"खोडीसकट?" बिनचूकराव पुटपुटले. मग तरातरा पुढच्या खोलीत गेले. नक्षीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला प्रोसेसरची ती खोड ठाऊक होती! तिच्याच भरवशावर त्याने बदकाचं डोकं त्याच पानाच्या सुरुवातीला ठेवलं होतं. पुढच्या पानावर होता बूट.

काढलेली चूक त्यांनी स्वतःच्या हाताने परत लिहिली. जाणूनबुजून चूक करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. नकळत केलेल्यांचा हिशेब बायकोकडे होता. बदकाला डोकं आलं, भंगारवाला रिकाम्या हाती परतला. त्या ओळीशेजारी मात्र बिनचूकरावांनी प्रोग्रॅममध्ये टिपून ठेवलं: "ही चूक मूळचीच आहे, माझी नव्हे."

त्या दिवशी आक्का जेवायला थांबली. भाजीत मीठ कमी होतं. बिनचूकरावांनी घास गिळला, तोंड उघडलं. दोघींचे हात ताटातच थांबले.

ते नुसतेच खाकरले.

तेवढंही दोघींना हसायला पुरलं.